वाद घालावा, पण वादासारखा

‘उगाच वाद घालू नका’ हे वाक्य आपण घरात नातवंडांना सांगतो, आणि मोबाईलवरच्या ग्रुपचे ॲडमिन आपल्यालाही दिवसाआड सांगत असतात. म्हणजे वाद ही मुळातच वाईट गोष्ट असं आपण धरून चाललो आहोत. पण गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगत जातात, त्यात वादाचाही समावेश आहे. आता भांडणाला भगवंत आपली विभूती कशाला म्हणतील? तेव्हा बिघडला आहे तो शब्द, मूळ वस्तू चांगलीच होती.

मी बी. कॉम. झालेला माणूस, सारा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. शास्त्र मी शिकलेलो नाही. निवृत्तीनंतर वाचनालयातून न्यायदर्शनाचं मराठी भाषांतर आणलं आणि जमेल तसं वाचलं. गौतमांनी त्यात सोळा पदार्थ सांगितले आहेत (पदार्थ म्हणजे खाण्याचे नव्हेत, विचाराचे विषय). त्यात बोलण्याचे तीन प्रकार वेगवेगळे मांडले आहेत. खरं काय हे कळावं म्हणून दोघांनी प्रमाण देऊन बोलणं तो वाद. हा गुरूशी, सहाध्यायाशी, मनात असूया नसलेल्या माणसाशी करायचा. जिंकण्यासाठी, वाटेल ती युक्ती वापरून बोलणं तो जल्प. आणि स्वतःचं मत काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. आपण मराठीत मात्र ‘वितंडवाद’ असा जोडशब्द करून दोन्ही एकाच पोत्यात भरले! मोबाईलवर जे चालतं त्यात वाद फार थोडा असतो. जल्प भरपूर, आणि रात्री दहानंतर निव्वळ वितंडा.

बरीचशी भांडणं मतांची नसतातच, शब्दांची असतात. काउंटरवर हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. अकाउंट्स शिकणारा एखादा मुलगा पासबुक घेऊन येई आणि म्हणे, ‘काका, मी पैसे भरले तर तुम्ही जमा लिहिलंय. आम्हाला तर बँक नावे टाकायला शिकवलंय. कोणाचं तरी चुकलंय.’ चुकलेलं कोणाचंच नसे. बँकेच्या खतावणीत पैसे देणारा ग्राहक, म्हणून त्याचं खातं जमा. त्याच्या स्वतःच्या वहीत घेणारी बँक, म्हणून बँक नावे. रुपये तेच, वही वेगळी. ‘हा शब्द कोणाच्या वहीतला?’ एवढं विचारलं की प्रकरण दोन मिनिटांत मिटे. ग्रुपवर मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तेच प्रकरण दोन महिने चालतं.

‘केमिकल’ हा त्यातला एक शब्द. गेल्या वर्षी आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली. एकाने लिहिलं, गोळ्या म्हणजे सगळं केमिकल, शरीरात केमिकल घालू नये, नैसर्गिक तेच खावं. दुसऱ्याने त्याची अक्कल काढली. तिसऱ्याने दुसऱ्याची जात काढली. पन्नास-साठ मेसेज पडले, आणि त्यात कोणीही ‘केमिकल म्हणजे काय?’ असं विचारलं नाही. काही दिवसांनी, त्या सगळ्या गोंधळात एक शब्दही न लिहिणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीने माझ्या पत्नीला सांगितलं, ‘अहो वहिनी, यांनी दीड महिना झाला, बीपीची गोळी बंद केलीय.’

मी त्यांच्या घरी गेलो. ग्रुपवर लिहिण्यासारखी ही गोष्ट नव्हती. चहा झाल्यावर विचारलं, ‘केमिकल म्हणजे तुम्ही नक्की कशाला म्हणता?’ म्हणाले, ‘कारखान्यात होतं ते.’ म्हटलं, ‘मग साखर?’ ते म्हणाले, ‘साखर वाईटच.’ ‘बरं, पाणी? मीठ? रसायनशास्त्राच्या वहीत तीही केमिकलंच आहेत.’ मग नैसर्गिक या शब्दावर आलो. धोतरा नैसर्गिक, कण्हेरही नैसर्गिक. दोन्ही आपण शंकराला वाहतो, चघळत नाही, कारण विषारी आहेत. ते हसले, पण लगेच कबूल काही झाले नाहीत. ‘पण औषधांचे दुष्परिणाम असतात की नाही?’ म्हणाले. असतात. हा प्रश्न मात्र खरा होता, आणि तो डॉक्टरांना विचारण्याचा होता. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून गेलो. वरचा आकडा १८० च्या पुढे निघाला. डॉक्टर रागावले नाहीत, गोळी बदलून दिली. ‘केमिकल’ या शब्दाखाली ‘मला या गोळीने चक्कर येते’ ही साधी तक्रार दडलेली होती. कोणी ती ऐकली नव्हती, कारण सगळे शब्दाशीच झगडत होते.

दुसरा एक नेहमीचा मुद्दा: ‘आमचे आजोबा विडी ओढून नव्वद वर्षं जगले, पूर्वीची माणसंच दणकट.’ नव्वद जगलेले आजोबा आठवतात कारण ते नव्वद जगले. त्यांची पाळण्यातच गेलेली भावंडं कोणाच्या आठवणीत नाहीत. यावर उलट बाजूचा माणूस लगेच सांगतो की स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आकडा बरोबर आहे. पण तोही पुढे म्हणतो, ‘म्हणजे तेव्हा माणसं तिशीतच मरायची.’ हेही चूकच. लहान मुलं फार दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. एक मूल पहिल्याच वर्षी गेलं आणि दुसरा माणूस सत्तरीत गेला, तर सरासरी पस्तिशीच्या आसपास येते. प्रत्यक्षात पस्तिशीत कोणीच गेलेलं नसतं. जुन्याचा अभिमानी आणि नव्याचा अभिमानी दोघेही इथे सारखेच घसरतात. मला त्यात दुसऱ्याचाच राग जास्त येतो, कारण आकडा हातात असून तो वाचता येत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला ही म्हण तर आपण सगळेच जाणतो. शास्त्रात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. म्हण माहीत असूनही, अमुक काढा घेतला आणि तिसऱ्या दिवशी सर्दी गेली, असं आपण बिनदिक्कत पुढे पाठवतो. सर्दी न घेताही जाते.

न्यायशास्त्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे निग्रहस्थानं. बोलणारा कुठे हरला हे ठरवण्याच्या त्या बावीस जागा आहेत. वाचताना वाटलं, गौतमांनी आमचाच ग्रुप पाहिला होता की काय! मूळ विधान अडचणीत आलं की हळूच दुसरं विधान पुढे करायचं, हे प्रतिज्ञांतर. रस्त्यावरच्या खड्ड्यांची गोष्ट चालू असताना इतिहासात शिरायचं, हे अर्थांतर. तेच तेच पुन्हा लिहायचं, हे पुनरुक्त. हल्ली ते मोठ्या अक्षरांत लिहितात. उत्तर सुचत नाही म्हणून ‘चला, मला जरा काम आहे’ म्हणून सटकायचं, हा विक्षेप. आणि ‘तुमच्या वेळी काय होत होतं? तेव्हा कुठे होतात?’ ही मतानुज्ञा. या शेवटच्याची खुबी अशी की तिच्यात आरोप झटकल्यासारखा वाटतो, पण खरं म्हणजे तो कबूल केलेला असतो. समोरच्यावर तोच दोष टाकताना माझ्यावरचा दोष मी नाकारलेलाच नसतो. माझ्या खात्यातली तूट शेजारच्या खात्यातली तूट दाखवून भरून निघत नाही, हे कोणत्याही कॅशिअरला विचारा. दोन्ही तुटी भराव्या लागतात.

आता हे सगळं दुसऱ्यांविषयी झालं. आपल्या भक्तमंडळींतही काही शब्द जपून वापरावे लागतील. ‘अपरोक्ष’ घ्या. ‘माझ्या अपरोक्ष त्याने असं केलं’ असं सर्रास म्हटलं जातं. पाठीमागे, नजरेआड ते परोक्ष. अपरोक्ष म्हणजे उलट, साक्षात. प्रवचनात ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हटलं की कितीजण ते ‘पाठीमागे झालेलं ज्ञान’ असं ऐकत असतील! तसाच ‘संशय’. कोणी प्रश्न विचारला की आपण त्याला संशयात्मा ठरवून गप्प करतो. गौतमांच्या सोळा पदार्थांत संशय तिसऱ्या क्रमांकावर आहे, प्रमाण आणि प्रमेयानंतर लगेच. विचाराची सुरुवातच तिथून. गीतेत निंदा आहे ती कुठेच न ठरणाऱ्या माणसाची, एक प्रश्न विचारणाऱ्याची नव्हे. अर्जुनाने तर अठरा अध्यायांत प्रश्नच विचारले.

आणि सगळ्यात नाजूक शब्द म्हणजे ‘अनुभव’. पारायण झालं, अडलेलं काम झालं. महाराजांची प्रचिती आली असं आपण म्हणतो, मीही म्हणतो. ती माझी ठेव आहे, आणि कोणी ती खोटी पाडायला आला तर मी त्याच्याशी बोलायला बांधील नाही. पण तीच ठेव मी ग्रुपवर दुसऱ्याच्या अंगावर टाकली, ‘मला अनुभव आला, तुला मानावंच लागेल, आणि तुला येत नाही तर तुझ्यातच खोट आहे’ असं म्हटलं, तर मी शब्दाची वही बदलली. डॉक्टरचा अनुभव म्हणजे शेकडो रोगी पाहून बसलेलं ज्ञान, त्यात न बरे झालेलेही मोजलेले असतात. माझा अनुभव म्हणजे माझ्या मनाला पटलेली एक खूण. दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून दोन्हींचं वजन एक होत नाही. त्यात ज्याच्या घरातलं माणूस पारायण करूनही वाचलं नाही, त्याला ते वाक्य किती लागत असेल याचा विचार आपण करत नाही. अशी एक मैत्रीण माझ्या पत्नीला आहे. ती आता ग्रुपवर नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला भेटतो ती कथा दत्तभक्तांना नवी नाही. राजा विचारतो, तुम्ही इतके निश्चिंत कसे? अवधूत त्याच्यावर ‘मी अनुभवी, तू संसारी, विश्वास ठेव’ असं म्हणून हात झटकत नाहीत. एकेक गुरू घेतात, कबुतराची जोडी काय करत होती, तो कुरर पक्षी मांसाचा तुकडा धरून कसा मार खात होता आणि तुकडा टाकल्यावर कसा सुटला, हे आधी काय पाहिलं ते सांगतात, मग त्यातून आपण काय घेतलं ते सांगतात. असं एकदा नव्हे, चोवीस वेळा. आणि राजा मध्ये कुठेही ‘पण तुम्ही स्वतः काय करता?’ असं विचारत नाही.