भाड्याची गाडी आणि दिलेला शब्द

कासार आंबोलीहून रोज पुण्याला जाण्यासाठी एखाद्याने तीन वर्षांच्या कराराने गाडी भाड्याने घेतली आणि वर्षभरातच त्याला जवळ पिरंगुटला नोकरी मिळाली. उभ्या गाडीचे भाडे त्याने भरत राहावे काय?

सूरह अल-माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याची आज्ञा देते. तरीही हनफी फिक्हनुसार, प्रवासासाठी जनावर भाड्याने घेतल्यावर प्रवासच रद्द झाला, तर ती सबब ग्राह्य ठरते. कोकणी मुस्लिम बहुतांशी ज्या शाफिई मताचे आहेत, त्यात अशी वैयक्तिक सबब पुरेशी नाही. उभयतांच्या संमतीने करार सोडणे मात्र दोन्हीकडे मान्य आहे. म्हणून मालकापुढे खरे कारण मांडून आधी त्याची संमती मागावी. गरज संपली की केवळ हौस फिटली, हे मालकाला कदाचित कळणार नाही. अल्लाहला ते ठाऊक आहे.