कोणता सण समुद्र ओलांडतो?

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांच्या सणांविषयी जे लिहिले जाते, त्यात सहसा दोनच सूर ऐकू येतात : संस्कृती टिकवल्याच्या कौतुकाचा आणि गावाकडची मजा हरवल्याच्या हुरहुरीचा. या दोन्ही सुरांत एक प्रश्न मात्र राहून जातो. एकाच घरातून निघालेल्या माणसाबरोबर काही सण सातासमुद्रापार जातात आणि काही गावाच्या वेशीवरच थांबतात, असे का व्हावे? बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार फार नेमकेपणाने करता येतो, कारण वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा यांच्या सांध्यावरील या जिल्ह्यात ग्रंथावर उभा असलेला उत्सव, दिनांकावर उभा असलेला उत्सव आणि मातीवर उभा असलेला सण असे तिन्ही शेजारी शेजारी नांदतात.

शेगावचे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, म्हणजे माघ वद्य सप्तमीला, लोकांच्या दृष्टीस पडले आणि तो दिवस प्रकट दिन म्हणून पाळला जातो. आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखाती देशांत आणि ऑस्ट्रेलियात हा दिवस साजरा होतो, तो शेगावची समाधी तिथे नसताना. हे शक्य झाले त्याला दासगणूंचा ‘श्रीगजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ बराचसा कारणीभूत आहे, कारण पारायण, म्हणजे ग्रंथाचे संकल्पपूर्वक अथपासून इतिपर्यंत वाचन, जिथे एक पोथी आणि एक वाचणारा असेल तिथे होऊ शकते. नैवेद्यही असा साधा, की तो कुठेही रांधता यावा. पिठले-भाकरीचे ज्वारीचे पीठ भारतीय वाणसामानाच्या दुकानात मिळते आणि अंबाडीची भाजी तेलुगू दुकानदारांच्या शीतपेटीत ‘गोंगुरा’ या नावाने सापडते, हे परदेशी गेलेल्या वऱ्हाडी गृहिणीने पहिल्या वर्षभरातच शोधून काढलेले असते. सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव तर याहूनही सुटसुटीत आहे, कारण काही जण पौष पौर्णिमा पाळत असले तरी मुख्य उत्सव १२ जानेवारी या दिनांकाशी बांधलेला आहे आणि दिनांकाला पंचांग लागत नाही.

तिथीचे तसे नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ही घटना साऱ्या पृथ्वीसाठी एकाच क्षणी घडते, परंतु सण कोणत्या दिवशी करायचा हे स्थानिक सूर्योदयावर किंवा सूर्यास्तावर ठरते. २०२४ सालची दिवाळी याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी सुरू होऊन १ नोव्हेंबरच्या सूर्यास्तानंतर थोड्याच वेळाने संपली, त्यामुळे महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिले, तर देशात अन्यत्र अनेकांनी ते आदल्या दिवशी केले. न्यूयॉर्कमध्ये मात्र हीच अमावास्या १ नोव्हेंबरच्या सकाळीच संपत असल्याने प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळी, ती ३१ ऑक्टोबरलाच मिळत होती. त्या शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची पहिली अधिकृत सुटी मिळाली ती १ नोव्हेंबर २०२४ रोजी. तिथी, सुटी आणि खामगावच्या घरातील पणत्या यांची सांगड घालताना परदेशातील कुटुंबाला दरवर्षी निवड करावी लागते, आणि बहुतेक मंडळे ती जवळच्या शनिवारच्या बाजूने करतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण सण चारचौघांत साजरा व्हायचा असेल तर चारचौघांना सवड हवी, आणि जुन्या धर्मशास्त्रानेही देशकालाचा विचार कधी नाकारलेला नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वर्तुळ आखून त्यात अठरा धान्ये मांडतात. मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पापड, भजी, वडा, कुरडई, सांडोई असे पदार्थ ठेवतात. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते धान्य किती विखुरले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते. या भाकिताला वैज्ञानिक आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप योग्यच आहे. तरीही पेरणीच्या तोंडावर असलेल्या शेतकऱ्याची धाकधूक त्या वर्तुळाभोवती एकत्र येते, हे विसरता येत नाही. ज्याला या हंगामात पेरायचे नाही, त्याच्यासाठी घटमांडणीला अर्थच उरत नाही. म्हणून ती परदेशी गेलेली नाही, आणि जाणारही नाही.

पोळ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकतात, जू घासून राठ झालेल्या त्या जागेवरून हात फिरवत त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात आणि अमावास्येला झूल, बेगड, माठोट्या लेवून बैल तोरणाखाली उभे राहतात. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या गड्याला, त्या दिवशी नवे कपडे आणि मालकाच्या घरी पुरणपोळीचे जेवण असते. पूर्व विदर्भातील तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल विमानाने नेता येतो आणि परदेशातील मुलेही मातीचे बैल रंगवतात, परंतु वर्षभर ज्याच्या मानेवर ओझे ठेवले त्याचे ऋण मान्य करण्याचा भाग त्या खेळण्याबरोबर जात नाही.

स्थलांतराने सण दुबळे होतात असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांनी गणेश चतुर्थी इतकी जिवंत ठेवली, की त्या देशात तिची सार्वजनिक सुटी असते. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाने पोहे आणि खोबऱ्याचा मलिदा एलियाहू हानावी या प्रेषिताच्या स्मरणार्थ तिथेही चालू ठेवला. मूर्ती, पोथी, ताटातला पदार्थ यांच्या आधाराने सण टिकतो, एवढेच नव्हे तर नव्या देशात मानाने उभा राहतो. गळून जातो तो सणाचा दुसरा अर्धा भाग, ज्यात आपल्याहून वेगळ्या पायरीवरच्या माणसाचे, जनावराचे किंवा जमिनीचे देणे फेडायचे असते. भाड्याच्या सभागृहात जमणारे लोक बहुधा एकाच शिक्षणाचे आणि एकाच मिळकतीचे असतात. तिथे सालदार नसतो. हा उणेपणा आता गावातही दिसू लागला आहे, कारण ट्रॅक्टर आल्यापासून दावणीला बैल नसलेल्या घरांतही मातीचेच बैल पुजले जातात.

तेव्हा परदेशातील बुलढाणेकराने प्रकट दिनाचे पारायण निःशंकपणे शनिवारी करावे आणि पोळा करता येत नाही याची खंत बाळगू नये. मात्र मेहकर, चिखली किंवा मोताळा भागात ज्याची वडिलोपार्जित जमीन आहे, ती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, किंवा मक्त्याने, म्हणजे ठरावीक वार्षिक रकमेवर, दुसरे कोणी कसत असते. पोळ्याच्या आठवड्यात त्या कुटुंबाला फोन करावा, घरच्या सालदारासाठी असत तसे नवे कपडे आणि पुरणपोळीचा शिधा त्यांच्याकडे पोचवावा, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी मक्त्याची रक्कम आपण होऊन कमी करावी.