निवृत्त अध्यापकाचा धर्म

अलीकडे अध्यापनाच्या व्यवसायांतील कित्येक मंडळी वयाची मर्यादा गांठण्यापूर्वींच सेवा सोडतांना दिसतात. महाराष्ट्रांत निवृत्तिवेतनाचे १९८२ चे नियम ज्यांस लागू आहेत, त्यांना २० वर्षांची सेवा पुरी झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेनें निवृत्त होतां येतें. कोणी प्रकृतीच्या कारणानें हा मार्ग पत्करतो, कोणी घरांतील वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं, तर कोणी शिकविण्यापेक्षां तक्ते भरण्यांतच दिवस जातो म्हणून. कारण कोणतेंहि असो. निरोपाचा नारळ आणि शाल घरीं आल्यावर कांहीं महिन्यांतच एक प्रश्न समोर उभा राहतो, कीं आतां उरलेलें आयुष्य कशासाठीं? पंचावन्नाव्या वर्षीं आम्हीहि हाच मार्ग पत्करला असल्यामुळें या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस भागच पडलें आहे.

विश्रांतीसाठीं, असें उत्तर पुष्कळ जण देतात, आणि तें तुच्छ लेखण्यासारखें नाहीं. तीस वर्षें घसा कोरडा केलेल्या मनुष्यानें दुपारीं स्वस्थ पडून राहावें, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आणि ज्याची प्रकृतीच खचली आहे, त्याच्यामागें कर्तव्याची छडी घेऊन लागणें हा निर्दयपणा होय. परंतु विश्रांतीनें थकवा जातो, दिशा मिळत नाहीं. आणि थकवा गेल्यावरच खरी अडचण सुरू होते. अध्यापकाला ती विशेष जाणवते, याचें कारण असें, कीं त्याच्या आयुष्याला दिशा देण्याचें काम आजवर घंटेनें आणि वेळापत्रकानें केलेलें असतें. दर वर्षीं पावसाळ्याबरोबर नवा वर्ग येतो. शिकविणारा वृद्ध होत जातो, पण समोरचा वर्ग मात्र अठरा वर्षांचाच राहतो. कोणी तरी आपली वाट पाहात आहे, ही खात्री त्याला न मागतां मिळत असते; आणि जें न मागतां मिळतें, त्याचें मोल तें बंद होईपर्यंत कळत नाहीं.

अशा वेळीं थोरांचे दाखले दिले जातात. नामदार गोखले १९०२ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले, तेव्हां त्यांचें वय अवघें ३६ वर्षांचें होतें. पुढें १९०५ मध्यें त्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९१ पासून त्याच कॉलेजांत गणित शिकविलें, १९१४ मध्यें ते निवृत्त झाले, आणि १९१६ मध्यें, वयाच्या ५८ व्या वर्षीं, त्यांनीं महिला विद्यापीठ काढिलें. हे दाखले खरे आहेत. पण निवृत्तीनंतर त्यांना ध्येय सांपडलें, असा जो बोध त्यांतून घेतला जातो, तो बरोबर नाहीं. गोखले १८९९ पासूनच कायदे कौन्सिलांत काम करूं लागले होते. कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढिला तो १८९६ सालीं, म्हणजे निवृत्तीच्या १८ वर्षें आधीं. वर्ग सुटण्यापूर्वींच त्यांची वाट पाहणारीं माणसें दुसरीकडे होतीं.

परंतु सर्वांनाच हिंगण्याचा माळ सांपडत नाहीं. ज्यानें आधीं कांहींच जुळवून ठेविलें नाहीं, त्या सामान्य अध्यापकानें काय करावें? येथें आम्हांस जुन्या आश्रमकल्पनेकडे पुन्हां पाहावेंसें वाटतें. वानप्रस्थ म्हणजे संसारांतून अंग काढून घेऊन स्वस्थ बसणें, असा सर्वसाधारण समज आहे. मनुस्मृतींतील इतर विधानें आम्हांस कितीहि अमान्य असोत, वानप्रस्थाचें तिच्यांतील वर्णन या समजास पुष्टि देत नाहीं. वानप्रस्थानें घर सोडावयाचें, गांवचें अन्न सोडावयाचें. पण स्वाध्याय सोडावयाचा नाहीं, पंचमहायज्ञ सोडावयाचे नाहींत, आणि दारीं आलेल्यास जवळ असेल तें द्यावयाचें. त्याच्याकडून जातें तें स्वामित्व; कर्तव्य नव्हे.

हा भेद अध्यापकास लावून पाहावा. त्याचें स्वामित्व कशांत होतें? हजेरीपटांत आणि गुणपत्रकांत. आमचीं व्याख्यानें मुलें ऐकत होतीं खरीं. पण त्यांतलीं किती गोडीनें आणि किती हजेरीच्या धाकानें, हें मोजण्याचें साधन आमच्याजवळ नव्हतें. ज्याला उठून जाण्याची मोकळीक नाहीं, त्याच्या बसून राहण्यावरून वक्त्याची परीक्षा होत नाहीं. निवृत्तीनें धाक गेला. शिकविणें आणि शिकणें यांवर मात्र कोणी बंदी घातलेली नाहीं. किंबहुना उठून जाण्यास मोकळा असलेला मनुष्य जेव्हां दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो, तेव्हांच आपण कांहीं शिकवीत आहों, असें म्हणण्यास आधार मिळतो.

म्हणूनच निवृत्त होतांच समित्यांच्या अध्यक्षपदांमागें धांवणें आम्हांस रुचत नाहीं. तेथें काम होत नाहीं असें नव्हे. पण पुष्कळदां गेलेला अधिकार मागल्या दारानें परत आणण्याचाच तो यत्न असतो. हाच मोह घरांतहि होतो. ज्याला वर्ग उरला नाहीं, तो जेवणाच्या वेळीं वर्ग भरवितो, आणि मुलासुनांना पानावरून उठण्याची सोय राहत नाहीं.

आम्हीं स्वतःपुरती केलेली व्यवस्था अगदीं लहान आहे. आठवड्यांतून तीन दिवस सायंकाळीं आसपासचीं चार-पांच मुलें आमच्याकडे इंग्रजी वाचावयास येतात. फी नाहीं, हजेरी नाहीं, परीक्षा नाहीं. त्यांपैकीं एक दिवसभर कुरिअरचीं पार्सलें पोंचवितो आणि जिने चढतांना शब्द पाठ करितो. दुसरा पंधरा दिवस येऊन येईनासा झाला. पूर्वीं पटावर एक खूण केली कीं विषय संपत असे. आतां त्याला काय हवें होतें आणि तें येथें कां मिळालें नसावें, याचा विचार करावा लागतो. शनिवारीं आम्ही स्वतः मोडी लिपीच्या वर्गांत मागच्या बांकावर बसतों. तेथील शिक्षिका आमच्या जुन्या विद्यार्थ्यांहून वयानें लहान आहेत, आणि आमचें अक्षर त्या तांबड्या शाईनें दुरुस्त करितात. एवढ्यानें आठवड्याला आकार आला आहे.

कर्व्यांच्या चरित्रांतील आणखी एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. १९३६ मध्यें, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिलें. विद्यापीठ काढणारा पुरुष उतारवयांत मुळाक्षरांकडे वळला, आणि त्यांत आपली पायरी उतरली असें त्याला वाटलें नाहीं.

जे आज सेवेंत आहेत, त्यांनीं निवृत्तीची नोटीस देण्यापूर्वींच बाहेर असा एखादा धागा जोडून ठेवावा. जे बाहेर पडले आहेत, त्यांनीं ‘माझें ध्येय कोणतें’ हा प्रश्न कांहीं काळ बाजूस ठेवून, ‘ठरल्या वेळीं मी गेलों नाहीं तर कोणाचें अडेल’ असा प्रश्न स्वतःस करावा. त्याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. बहुधा तें आपल्याच आळींत मिळतें. मात्र त्या मनुष्यावर आपल्याकडे येण्याची सक्ति असूं नये.