पावतीवरचं नाव

माझ्या टेबलाच्या खणात एक पावती आहे. मागच्या सप्टेंबरात आमच्या कॉलेजच्या फाउंडेशनकडून आलेली. भरलेली रक्कम २०० डॉलर. त्या बदल्यात मिळालेला गोल्फचा खेळ, मैदानावर फिरायची गाडी आणि जेवण यांची किंमत ११० डॉलर. शेवटच्या ओळीत, देणगी म्हणून धरता येईल अशी रक्कम: ९० डॉलर. अमेरिकेत ७५ डॉलरहून अधिक पैसे घेऊन दात्याला बदल्यात काही दिलं, तर त्याचं मोल संस्थेला लेखी कळवावं लागतं. ज्या पैशाच्या मोबदल्यात काहीच मिळालं नाही, कायद्याच्या लेखी तेवढंच दान.

ही पावती पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला गीतेचा सतरावा अध्याय आठवला. जो उलट उपकार करू शकत नाही त्याला, केवळ कर्तव्य म्हणून दिलेलं दान सात्त्विक. मोबदल्याच्या किंवा फळाच्या आशेनं दिलेलं राजस. लहानपणी पाठ केलेली ही विभागणी एका परक्या देशातल्या करखात्यानं आकड्यांत करून दाखवली होती. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. हसतखेळत, जेवूनखाऊन, नावाच्या पाट्या लावून दिलेलं दान हे दान असतं का?

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. आमच्या शिकवणी केंद्राचे प्रमुख गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांच्या खणात नेहमी दहा-बारा कॅल्क्युलेटर असायचे. ज्याला हवा त्याला ते देत, वहीत नोंद करत नसत. परत आला तर आला, नाही आला तर त्याला गरज होती, असं म्हणत. उन्हाळ्यात शनिवारी पहाटे ते सार्वजनिक मैदानावर गोल्फ खेळायचे. म्हणून त्यांच्या नावाच्या निधीसाठी दरवर्षी गोल्फचा दिवस असतो. तो सोमवारी, कारण खासगी क्लब त्या दिवशी सभासदांसाठी बंद असतात आणि मैदान मिळतं.

सकाळी चौघाचौघांच्या तुकड्या वेगवेगळ्या होलांवर जाऊन उभ्या राहतात आणि भोंगा वाजला की सगळ्या एकदम खेळायला लागतात. प्रत्येक होलजवळ एक पाटी असते: कुठे बँक, कुठे दंतवैद्य, कुठे टायरचं दुकान. त्या पाटीचेही पैसे निधीत जातात.

हे पैसे कशाला लागतात? कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची कम्युनिटी कॉलेजची फी आमच्या राज्यात सरकारी अनुदानातून बऱ्याच अंशी भागते. पण फीमुळे शिक्षण सुटतं त्याहून अधिक वेळा ते गाडीच्या बॅटरीमुळे सुटताना मी पाहिलं आहे. रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणाऱ्या मुलीची गाडी बंद पडते, बस तिच्या रस्त्यानं जात नाही, दोन आठवडे बुडतात आणि सत्र हातचं जातं. निधीतून तिला बॅटरीचे पैसे मिळतात. अर्ज समितीकडे जातो. देणाऱ्यांना तिचं नाव कळत नाही, तिला आमचं कळत नाही.

माझे वडील नाशिकच्या एका शाळेत कारकून होते. एखाद्या मुलाची परीक्षा फी भरली जात नसेल तर ते ती खिशातून भरत आणि पावती त्या मुलाच्याच नावानं फाडत. आम्हाला हे ते गेल्यावर, भेटायला आलेल्या माणसांकडून कळलं. त्यांच्या मापानं मोजलं तर मैदानावरची एकेक पाटी मला खटकायची.

पण त्याच वडिलांनी मला पांडवलेणी दाखवली होती. तिथल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्यानं २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. या ठेवीला तिथे अक्षयनीवी म्हटलं आहे. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०, म्हणजे वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडते. आमचा निधी याच रीतीनं चालतो. आणि उषवदातानं आपलं नाव खडकात कोरलं आहे. ते कोरलेलं होतं म्हणून तर मुद्दलाला हात लावायचा नाही हे सर्वांसमोर राहिलं.

मग नाव हवं की नको? याचं उत्तर मला सर्वपित्रीला मिळालं. आम्ही इथे एडिसन गावातल्या घरात वडिलांचं तर्पण करतो. तर्पणात नाव आणि गोत्र उच्चारल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. दान देताना मात्र त्याच हातावरून उदक सोडून ‘न मम’ म्हणतात. एका विधीत नाव घ्यायचं, दुसऱ्यात स्वतःला मागे घ्यायचं. घ्यायचं नाव त्याचं, जो ते ऐकून सुखावणार नाही, आभार मानायला येणार नाही. सोडायचं ते आपलं. आमच्या निधीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एका टोकाला परतफेड न करू शकणारा गेलेला माणूस, दुसऱ्या टोकाला आम्हाला कधीच न भेटणारी मुलगी. गीतेची अट दोन्हीकडून पुरी होते.

आमचे प्रमुख ज्यू होते. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू विचारवंतानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे माणसाला अशा रीतीनं उभं करणं, की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. गाडीची बॅटरी हे फार लहान दान आहे, पण ते त्या पायरीकडे जातं.

राहिले ते ११० डॉलर. ते मला आता बोचत नाहीत. श्राद्धात पिंडदान असतं तसं भोजनही असतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ पंगतीत वाढतात, त्याच्याबद्दल बोलतात. त्या जेवणाला कोणी दान म्हणत नाही, पण ते नसेल तर घरातल्या लहानांना तो माणूस कळणार कसा? मैदानावरही तेच होतं. आमच्या खेळात चौघंही मारतात, ज्याचा चेंडू सगळ्यांत चांगला पडला तिथून पुन्हा चौघंही मारतात. बाकीचे तिघं आपापला चेंडू उचलून खिशात टाकतात. मागच्या वर्षी माझ्या तुकडीत दोन नवे शिक्षक होते, त्यांनी आमच्या प्रमुखांना पाहिलंही नव्हतं. चेंडू उचलून पुढे चालता चालता मी त्यांना कॅल्क्युलेटरच्या खणाबद्दल सांगितलं.

आनंदाला आनंद म्हणावं, दानाला दान, आणि पहिल्याचा हिशेब दुसऱ्यात धरू नये, एवढंच ती पावती सांगते. यंदा मी ११० डॉलर वेगळे पाठवले. फॉर्मवर दोन रेघा होत्या: देणाऱ्याचं नाव आणि कोणाच्या स्मरणार्थ. पहिली मी कोरी ठेवली. दुसरीवर आमच्या प्रमुखांचं नाव लिहिलं आणि त्याच्या शेजारी वडिलांचं.