आठवण जुनी होण्यासाठी

‘झालं गेलं विसरून जा,’ असं आपण खचलेल्या माणसाला सांगतो. त्यात माया खरी असते, पण आघाताच्या जखमेला हा सल्ला लागू पडत नाही.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. नुकतंच गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. अशा ढिगाऱ्यातून निघालेला एखादा माणूस घरात झोपायला धजत नाही. रस्त्यावरून ट्रक धडधडत गेला तरी त्याला दरदरून घाम फुटतो. त्या क्षणी त्याच्यापुरता भूकंप पुन्हा होत असतो. तो होऊन गेला, हे बुद्धीला ठाऊक असतं. शरीरापर्यंत ते पोचलेलं नसतं.

मग तो टाळू लागतो: छप्पर, अंधार, तो विषय. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि गोम इथेच आहे. दर वेळी मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. धोका सरला आहे हे पडताळायची संधीच त्याला मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली उपचारपद्धती नेमका या टाळण्यालाच हात घालते. साधारण ८ ते १५ बैठकांत रुग्ण डोळे मिटून ती घटना आत्ता घडते आहे अशी सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकतो. टाळलेल्या, पण आता सुरक्षित असलेल्या जागी पायरीपायरीने जातो. हे निर्दय वाटेल. पण सांगता सांगता तुटक चित्रांना क्रम येतो. समजा, ‘मी बहिणीला ओढलं नाही’ म्हणून कुणी स्वतःला कोसत असेल, तर त्याला कधीतरी दिसतं की तुळई आधीच पडली होती. मला या उपचाराचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. बहिणीसाठी तो पुढेही रडेल, पण त्या रडण्यात भूकंप नसेल.

दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकदाच बसवून बोलतं करण्याची पद्धत मात्र अभ्यासांत टिकली नाही. सुरुवातीला अन्न, निवारा आणि आपली माणसं लागतात. बरेच जण त्यावर सावरतात. महिना उलटूनही त्रास हटत नसेल, तर प्रशिक्षित तज्ज्ञ गाठावा. कुठे जायचं कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क विचारता येतं.