खाडा

"दिवसभर मरमर राबते, वर आणखी व्यायाम कसला?" पन्नाशीच्या आतबाहेरची बाई असं म्हणते, तेव्हा ती आळसाची सबब नसते. प्रश्न खरा आहे.

पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं. चरबी मांड्यांऐवजी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते, आणि ही चरबी गप्प बसत नाही. दाह पेटवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. ताप नाही, लाली नाही, पण राखेखालचा निखारा धुमसतच असतो. हृदयविकाराची, मधुमेहाची वाट इथूनही जाते.

या रसायनांपैकी एक इंटरल्यूकिन-६. गंमत अशी, की कोपनहेगनच्या संशोधक बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०००च्या सुमारास दिसलं, काम करणारा स्नायूही हेच सोडतो! मग व्यायामाने दाह वाढायला हवा. तसं होत नाही. स्नायूतून आलेलं इंटरल्यूकिन-६ दाह शमवणाऱ्या रसायनांना बोलावतं आणि काही तासांत ओसरतं. चरबीतलं मात्र मुक्काम ठोकतं. रसायन एकच, फरक ओसरण्याचा.

हा फरक मला बायकांच्या घामालाही लावावासा वाटतो. (प्रयोगशाळेची त्यावर सही नाही, माझीच समजा.) जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम सांगते. घरकामही त्यात धरता येतं. पण ओट्याशी चार तास उभं राहून कंबर धरते, मांडीचा स्नायू काही कमावला जात नाही. आणि कामामागून काम येतं. ओसरायला वेळच नसतो.

मेहनतीनेच भागतं म्हणावं, तर बीडच्या ऊसतोड बायका सगळ्यांत निरोगी असायला हव्यात. फडात मोळी उतरवायची ती पुढची उचलायला. २०१९ साली सरकारी समितीने तिथल्या ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली. १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक जणी तर पस्तिशीच्याही आतल्या. सोबत अंडाशयंही गेली, तर वर्षानुवर्षं हळूहळू व्हायचा बदल एका दिवसात अंगावर कोसळतो. पिशवी काढण्यामागच्या कारणांत एक होतं पाळीपायी कामाचा दिवस बुडण्याचं. स्नायूला जी उसंत लागते, तिला फडात खाडा म्हणतात, आणि तिचे पैसे मुकादम कापून घेतो.