कुत्र्यांसाठी तिकिटाचे कीर्तन

गेल्या महिन्यात काही तरुण आमचेकडे आले. भटक्या कुत्र्यांच्या लसीसाठी व औषधपाण्यासाठी निधी हवा. बुवा, तुम्ही कीर्तन करा, आम्ही तिकीट लावतो, म्हणाले. हेतूला नाव ठेवता येत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. तेव्हा कुत्र्यास लस टोचणे ही आपल्या पोरांचीहि राखण आहे. गीतेने तर ५ व्या अध्यायात समदर्शी पंडिताच्या नजरेपुढे गाय-हत्तीच्या ओळीतच कुत्रे बसविले आहे.

पण तिकीट? ज्याच्या कनवटीला पैसा नाही तो माळकरी दाराबाहेर, आणि आत आम्ही भूतदया सांगणार! पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण रंगवून सांगतो. ते तूप त्यांच्या स्वतःच्या ताटाचे होते, हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

आम्ही कीर्तन कबूल केले, तिकीट नाही. झोळी दुसरे दिवशी घरोघर फिरवा, पहिली भर आमच्या घरची, असे सांगितले. "अशाने जमेल किती, बुवा?" एकाने विचारलेच. कमी जमेल, हे आम्हांसहि कळते. आणि त्या कमीपायी एखादे कुत्रे लसीवाचून राहिले तर ते आमच्या माथी, हेहि कळते.